पाणबुडी गप्प असते तेव्हा तिला आमची होडी ऐकू येत नाही: नौदलाच्या साहेबांना खुलं पत्र

मा. साहेब, पश्चिम नौदल कमांड, मुंबई,
आणि सोबत राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे साहेब, कारण ह्यातलं अर्धं काम तुमच्याकडेच येतं,

नमस्कार.

मी रत्नागिरीचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मिरकरवाडा, साखरीनाटे, हर्णै, जिथून फोन येईल तिथे जातो. माझे काका, चुलतभाऊ, मेव्हणे सगळे दर्यावर असतात आणि हे त्यांच्यासाठीच लिहितोय. नौदलाबद्दल आमच्या घरात आदरच आहे, त्यामुळे हे पत्र तक्रार म्हणून वाचू नका, मागणी म्हणून वाचा.

२१ नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या वायव्येला साधारण ७० सागरी मैलांवर मार्थोमा नावाची मासेमारी बोट आणि आपल्या नौदलाची स्कॉर्पीन वर्गातली पाणबुडी ह्यांची टक्कर झाली. बोटीवर १३ जण होते, ११ जणांना नौदलाने वाचवलं, दोघं गेले. चूक कोणाची ते चौकशी करणारे बघतील, मी त्यात पडत नाही. पण तेव्हा बंदरावर जो तो एकच विचारत होता, की एवढी महागाची पाणबुडी, एवढी यंत्रणा तिच्यात, मग तिला आपली बोट कळत कशी नाही? ह्याचं उत्तर द्यायला बंदरावर कोणी आलं नाही. मी जमेल तेवढं शोधून वाचलं, आणि सगळं आयुष्य इंजिनाच्या आवाजात गेल्यामुळे त्यातलं बरंचसं मला समजलंही. ते आधी सांगतो म्हणजे मागणी कशासाठी आहे ते कळेल.

आत्ताच का लिहितोय, तर ती स्कॉर्पीन डिझेल-बॅटरीवरची होती आणि आता अणुइंधनावरच्या हल्ला करणाऱ्या पाणबुड्या येतायत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने अशा दोन पाणबुड्या देशात बांधायला मंजुरी दिली, त्याआधी २०१९ लाच रशियाकडून आणखी एक अकुला वर्गातली भाड्याने घ्यायचा करार झालाय. आधीची चक्रा २०१२ ते २०२१ आपल्याकडे होतीच. ह्यांचं घर विशाखापट्टणमला असलं तरी अशी पाणबुडी एका जागी ठेवायला कोणी बांधत नाही, कराची आणि होर्मुझ आपल्या बाजूला आहे, म्हणजे ती अरबी समुद्रात येणारच आणि यायलाच पाहिजे. देशाला गरज आहे हे मला मान्य आहे. मग तिच्याबरोबर एकाच पाण्यात राहायचं कसं ते आत्ताच ठरवूया की, एखादी होडी बुडाल्यावर कशाला?

अणुपाणबुडीची ताकद काय, तर तिला हवेसाठी वर यावं लागत नाही. डिझेलवालीला बॅटरी भरायला थोड्या थोड्या दिवसांनी नळी वर काढून इंजिन चालवावं लागतं, अणुवाली महिना महिना खाली राहू शकते, खलाशांचं जेवण संपेपर्यंत म्हणा, आणि खालूनच २५-३० नॉटने, म्हणजे ताशी तेवढ्या सागरी मैलांनी, पळते. आमचा ट्रॉलर जाळं ओढताना ३-४ नॉटच्या वर जात नाही. पण तिची अडचणही तिथेच आहे. डिझेलवाली बॅटरीवर गेली की इंजिन बंद, जवळजवळ काहीच आवाज नाही. अणुभट्टी अशी चावी फिरवून बंद करता येत नाही, तिला थंड ठेवायला पाणी फिरवत राहावं लागतं म्हणजे पंप आला, वाफेवर टर्बाइन आला, टर्बाइनचा वेग पंख्याला झेपेल एवढा कमी करायला मोठा गिअरबॉक्स आला. गिअरबॉक्सचा दात दातावर बसताना जो आवाज होतो तो ज्याने एकदा ऐकलाय त्याला सांगायची गरज नाही, तो पत्र्यातून सरळ पाण्यात उतरतो. म्हणून अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स ह्यांनी पैसा ओतला तो बहुतेक हा आवाज मारायलाच. सगळी मशिनरी एका तरंगत्या सांगाड्यावर रबरी माउंटिंग टाकून बसवतात म्हणजे थरथर बाहेरच्या पत्र्याला लागत नाही, अंगावर जाड रबरी लाद्या चिकटवतात म्हणजे दुसऱ्याचा सोनार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून शोधायच्या यंत्राचा आवाज, आदळला तरी फारसा परत जात नाही, कमी वेगात काही पाणबुड्यांची भट्टी पंपाशिवाय नुसत्या गरम-गार पाण्याच्या आपोआप फिरण्यावर चालते. उघड्या पंख्याच्या जागी नळकांड्यातला पंप-जेट आला. आमच्या बोटींचा पंखा जास्त फिरवला की बुडबुडे धरतो, आवाज करतो आणि पातंसुद्धा खातो, तोच प्रकार त्यांच्याकडेही होतो, आणि बुडबुड्यांचा आवाज लांबूनच पाणबुडी ओळखून देतो, म्हणून ती लपताना हळू चालते आणि जमेल तेवढी खोल राहते, कारण खोलात पाण्याचा दाब जास्त आणि बुडबुडे धरत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. एवढं करून जी लपली ती स्वतः कशी बघणार? पाण्याखाली प्रकाश चालत नाही, रडार चालत नाही. राहिला आवाज. स्वतः आवाज सोडला आणि परत आलेला पकडला की समोरचं नीट कळतं, पण तो आवाज आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जातो आणि लपणं तिथेच संपतं, म्हणून पाणबुडी शक्यतो ते करतच नाही. ती नुसती ऐकते. म्हणजे जे आवाज करतं तेवढंच तिच्यासाठी आहे. जे गप्प आहे ते नाहीच.

आणि साहेब, आमच्या दर्यावर गप्प काय काय असतं ते तुम्हाला बंदरावरचं कोणतंही पोर सांगेल. रात्री गिलनेटवाले जाळं सोडून इंजिन बंद करतात आणि पाण्याबरोबर वाहत पडून राहतात, डिझेल वाचतं, चार जण झोपतात, एक जागा राहतो. त्या होडीचा आवाज शून्य. जाळ्याचा आवाज शून्य, आणि ते जाळं किती लांब पसरलंय हे तांडेलाशिवाय, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याशिवाय, कोणाला माहीत नसतं. ट्रॉलरचं इंजिन ओरडतं हे खरं, पण त्याच्या मागे ज्या दोन वायरी गेल्यात, जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्या आणि जाळं गेलंय ते कितीतरी मागे आणि कितीतरी खाली असतं. बोट ऐकू आली, तिच्यापासून बाजूला झालो असं पाणबुडीला वाटतं आणि नेमकी ती वायरींमध्ये शिरते.

हे मी कल्पनेने सांगत नाहीये, हे झालेलं आहे. २२ नोव्हेंबर १९९० ला स्कॉटलंडमध्ये क्लाइडच्या समुद्रात अँटारेस नावाचा ट्रॉलर होता, खाली ट्रेंचंट ही ब्रिटनची अणुपाणबुडी होती, भावी कॅप्टन लोकांचं प्रशिक्षण चालू होतं. पाणबुडी जाळ्यात अडकली आणि ट्रॉलरला खाली घेऊन गेली. चौघं होते, चौघंही गेले. पाणबुडीतल्या लोकांना खडखड ऐकू आली होती, काहीतरी अडकलं हे कळलं होतं, पण आजूबाजूच्या दुसऱ्या बोटी ठीक दिसल्या म्हणून ते पुढे गेले. पुढे चौकशीत पाणबुडीवरच्या पहाऱ्यातच ढिलाई झाली असं निघालं. हे वाचल्यापासून मला ते पुढे गेले हेच सारखं आठवतं. तिथे थांबून वर येऊन एकदा सगळ्या बोटी मोजल्या असत्या तर, असं वाटत राहतं.

बरं ते जुनं झालं म्हणावं तर एप्रिल २०१५ मध्ये आयरिश समुद्रात कॅरेन नावाचा ट्रॉलर पाणबुडीने जाळ्यासकट उलटा ओढला. बोट पुढे चाललेली आणि एकदम मागे जायला लागली, डेकवर पाणी, नशीब की वायर सुटली आणि सगळे वाचले. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने आधी आमची पाणबुडी नव्हती असं सांगितलं, मग पाच महिन्यांनी कबूल केलं. आणि कारण काय निघालं, तर पाणबुडीने तो ट्रॉलर ऐकला होता, पण जाळं ओढल्याचा आवाज आला नाही म्हणून ते मालवाहू जहाज समजले आणि त्याच्याखालून गेले. जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या सोनारवाल्यांना ट्रॉलर आणि मालवाहू जहाज ह्यातला फरक कानाने कळला नाही, आणि तोही ओळखीच्या समुद्रात.

आमचा समुद्र तर ऐकायला त्याहून अवघड. किनाऱ्यापासून तो हळूहळू खोल होत जातो, रात्रभर बोट हाकून गेलात तरी पन्नास वाव पाणी मिळतं, म्हणजे ९० मीटरच्या आसपास. मोठ्या अणुपाणबुडीची लांबीच १०० मीटरच्या वर असते, अमेरिकेची व्हर्जिनिया ११५ मीटर. म्हणजे ती उभी केली तर डोकं पाण्याबाहेर येईल अशा उथळ पाण्यात ती, आणि तिच्या वर आमच्या होड्या, मध्ये जाळी. उथळ पाण्यात आवाज तळाला आपटतो, वर आपटतो, घोळून जातो. त्यात मुंबई आणि न्हावाशेवा बंदराची जहाजं, जयगडची जहाजं, हजारो बोटींची चार आणि सहा सिलिंडरची इंजिनं, आणि खाली कोळंबीच्या जातीतले टकटक करणारे जीव, घोळ-ढोमीसारखे आवाज करणारे मासे. शिवाय पाण्याचे थर. पावसाळा सरताना खालचं गार पाणी किनाऱ्याकडे वर सरकलेलं असतं आणि त्याच्यावर गरम पाण्याचा पातळ थर, तांडेल लोकांना हे माशावरून कळतं की मासळी वरच्या पाण्यात आलीये. गरम आणि गार जिथे भेटतं तिथे आवाज वाकतो. पाणबुडीला लपायला ही जागा एकदम चांगली, पण त्या थराच्या खाली बसलेल्या पाणबुडीला वरच्या होडीचा आवाजही धड पोचत नाही. आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर, आमच्या सगळ्यात जास्त बोटी पाण्यात असतात तोच हा काळ.

धोका फक्त आमच्या लोकांना आहे असंही नाही, आणि नौदलाने हे स्वतःसाठीही ऐकावं असं मला वाटतं. १९८३ मध्ये सोव्हिएतची के-३२४ ही अणुपाणबुडी अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये अमेरिकन युद्धनौकेवर पाळत ठेवत होती आणि त्या नौकेने मागे सोडलेली सोनारची केबल हिच्या पंख्यात गुंडाळली गेली. एवढी मोठी पाणबुडी एका केबलने लंगडी झाली, शत्रूच्या डोळ्यादेखत वर यावं लागलं आणि शेवटी ओढून क्यूबाला न्यावी लागली. २००५ मध्ये रशियाची एएस-२८ ही छोटी पाणबुडी कामचटकाजवळ जाळी आणि केबल ह्यांच्यात अडकली, आतल्या सात जणांना वाचवायला ब्रिटनहून यंत्र आणावं लागलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये, आपल्याकडे मार्थोमाचं झालं त्याच महिन्यात, नॉर्वेत अमेरिकेची व्हर्जिनिया पाण्याच्या वरून चाललेली असतानाही एका मच्छीमाराच्या जाळ्यात गुरफटली, कोस्टगार्डने जाळं कापून सोडवली. आता विचार करा, युद्धाच्या दिवसांत आपली पाणबुडी जाळं पंख्यात घेऊन चाललीये, मागे बोये पाण्यावर तरंगतायत, पंखा प्रत्येक फेऱ्याला खडखडतोय. मग त्या रबरी लाद्यांचा आणि तरंगत्या सांगाड्याचा काय उपयोग राहिला?

लपणाऱ्याला समोरचं कळत नाही ह्याची आणखीही उदाहरणं आहेत. २००९ मध्ये अटलांटिकमध्ये ब्रिटनची व्हॅनगार्ड आणि फ्रान्सची ल त्रियोंफाँ एकमेकींवर आपटल्या, दोन्ही अणुपाणबुड्या, क्षेपणास्त्रवाल्या, आणि फ्रान्सने सुरुवातीला सांगितलं होतं की बहुतेक कुठलातरी बुडालेला कंटेनर असावा. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ही अमेरिकेची पाणबुडी गुआमच्या आग्नेयेला पूर्ण वेगात पाण्याखालच्या डोंगरावर गेली, एक खलाशी गेला. आणि २००१ चं हवाईचं तर वाचवत नाही. ग्रीनव्हिल नावाच्या अणुपाणबुडीने पेरिस्कोपने चारी बाजू बघून घेतल्या, काही दिसलं नाही म्हणून झटक्यात वर आली ती एहिमे मारू ह्या जपानी बोटीच्या खालीच. मासेमारी शिकवणाऱ्या शाळेची बोट होती ती. ९ जण गेले, त्यात चार शाळेची पोरं.

आता तुम्ही म्हणाल की पाणबुडी कुठे आहे हे सांगायचं कसं, मग ती लपून उपयोग काय. बरोबर आहे. पण पाणबुडी कुठे आहे हे आम्ही विचारतच नाही. अँटारेसनंतर ब्रिटनमध्ये पाणबुड्यांच्या सरावाचे पट्टे ठरले आणि कोणत्या पट्ट्यात सराव आहे हे कोस्टगार्डच्या रेडिओवरून मच्छीमारांना रोज सांगायची पद्धत पक्की झाली. आणि हे कुठे, तर क्लाइडच्या तोंडाशी, जिथे फास्लेनला ब्रिटनच्या अणुपाणबुड्यांचं घर आहे. त्यांनी घराच्या दारात हे केलं तर आपल्याला सरावापुरतं करायला काय हरकत आहे? मोठा पट्टा सांगा, हवं तर त्यात पाणबुडी नसतानाही सांगा, म्हणजे ऐकणाऱ्या परक्याला काही कळणारही नाही. खऱ्या मोहिमेवर असताना सांगू नका, ते आम्हाला समजतं. पण टक्कर बहुतेक वेळा सरावात नाहीतर येताजाता होते हे वरच्या उदाहरणांतूनच दिसतंय.

आणि असं सांगायची पद्धत आपल्याकडे नाही असंही नाहीये. क्षेपणास्त्राची चाचणी असली, तोफांचा सराव असला की देहरादूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयातून समुद्रासाठी इशारा निघतो. फक्त तो इंग्रजीत असतो, अक्षांश-रेखांशात असतो आणि मोठ्या जहाजांसाठी असतो. आमचा तांडेल समुद्र ओळखतो तो वावावरून, कुठल्या दीपगृहाच्या समोर किती तास ह्याच्यावरून आणि जीपीएसच्या आकड्यांवरून. त्याला "देवगडच्या समोर, चाळीस वावाच्या बाहेर, उद्या रात्रीपर्यंत जाळं लावू नका" असं मराठीत सांगितलं तर तो ऐकेल. आमच्या समोर कर्नाटक, केरळ, तामिळनाडूच्या बोटीही असतात तर त्यांच्या भाषांतही सांगा. त्यासाठी नवीन काही उभारावं लागणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ज्या ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली, एक लाख बोटींवर बसवायची, त्याच्यावर उपग्रहातून दोन्ही बाजूंनी मेसेज जातो. हवामानाचा इशारा त्यावर येऊ शकतो तर हाही येऊ शकतो. मत्स्यव्यवसायवाले साहेब, हे तुमचं काम, हे यंत्र छोट्या गिलनेटवाल्यापर्यंत आधी पोचवा, कारण गप्प तोच असतो आणि २० मीटरच्या आतल्या होडीला एआयएसची, म्हणजे बोटीची जागा रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्राची, सक्तीही नाही.

दुसरं म्हणजे, पाणबुडीला काहीतरी लागलं, अडकलं असं वाटलं तर तिने थांबून, वर येऊन, आजूबाजूच्या बोटींची खात्री करूनच पुढे जायचं असा नियम तुमच्याकडे असेल तर तो आम्हाला सांगा, आणि नसेल तर करा. ह्यात गुपित काही नाही. आणि जाळं गेलं तर भरपाईसाठी माणसाला मुंबईला खेटे घालायला लावू नका, बंदरावरच्या परवाना अधिकाऱ्याकडे एक साधा अर्ज असावा, ठराविक मुदतीत उत्तर मिळावं. जाळ्याचे लाखो रुपये असतात आणि ते बहुतेक कर्जाचे असतात, जाळं गेलं की अख्खा हंगाम जातो.

तिसरं जे मला सगळ्यात जवळचं वाटतं ते म्हणजे येऊन बोला. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात, सगळे तांडेल घरी किंवा जाळी विणत बसलेले असतात. एक अधिकारी आणि एक सोनारवाला पाठवा हर्णैला, मिरकरवाड्याला, देवगडला, मालवणला. बोट अचानक मागे ओढली जायला लागली तर काय करायचं हे आमच्या पोरांना कोणी शिकवलेलं नाही. जाळ्याची वायर ओढणाऱ्या विंचचा ब्रेक सोडून वायर जाऊ द्यायची का, कुऱ्हाड हाताशी ठेवायची का, लाइफ जॅकेट आधी का रेडिओ आधी, हे तुमच्या माणसांनी दाखवावं. आणि तुमच्या माणसांनीही आमच्याकडून शिकावं, कोणतं जाळं किती खोल जातं, कोणत्या महिन्यात कोण कुठे असतं, रात्री इंजिन बंद करून किती होड्या पडलेल्या असतात. २६/११ नंतर आम्हाला किनाऱ्याचे डोळे-कान म्हटलं गेलं, ओळखपत्रं झाली, बोटींना रंग ठरले, आमच्या लोकांनी ते सगळं केलं. परकी पाणबुडी आमच्या बोटींच्या आवाजाआड लपून आली तर तिचा पहिला पत्ता एखाद्या फाटलेल्या जाळ्यावरूनच लागेल आणि ते जाळं आमचं असेल. अशा वेळी तांडेलाने कोणाला फोन करायचा, तो नंबर तरी बंदरावर लावा. जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या वेळी साखरीनाट्याच्या लोकांचं म्हणणं हेच होतं की आम्हाला धड कोणी समजावून सांगत नाही. अणू हा शब्द आमच्याकडे आधीच जड झालाय, त्याच शब्दाची पाणबुडी समोरून जाणार असेल तर लोकांना आधी सांगितलेलं बरं.

आमच्या लोकांनाही मी इथेच सांगतो, कारण हे पत्र तेही वाचतील. एआयएस बंद करून, ट्रान्सपॉन्डर गुंडाळून ठेवून जाऊ नका. दुसऱ्याला आपली जागा कळू नये, खात्याने पकडू नये म्हणून बरेच जण बंद करतात हे मला माहीत आहे, मीच त्या बोटींवर काम करतो. पाणबुडी वर येते तेव्हा पेरिस्कोपच्या खोलीवर, म्हणजे १५-२० मीटरवर असताना तिच्या मास्टवर हे सिग्नल येऊ शकतात, खाली असताना येत नाहीत, पण वर येण्याचा तो क्षणच सगळ्यात धोक्याचा आहे आणि तेव्हा तरी तुम्ही तिला दिसाल. रात्री जाळं लावून पडलात तर दिवे लावा, बॅटरी वाचवू नका, पहाऱ्यावरचा माणूस खरंच जागा ठेवा.

साहेब, ह्यातलं सगळं एका हंगामात होणार नाही हे समजतं. पण पट्ट्याचा मेसेज मराठीत देणं आणि बंदीच्या दोन महिन्यांत चार बंदरांवर माणूस पाठवणं एवढं तर येत्या १ ऑगस्टच्या आधी होऊ शकतं. मिरकरवाड्याला आलात तर लोक जमवायचं काम माझ्याकडे, सोसायटीचा हॉल मिळेल, तारीख तेवढी आठ दिवस आधी कळवा.

आपला,
रत्नागिरीतला एक इंजिन मेकॅनिक